डाव्या बाजूची खुर्ची

१९ जानेवारी

गणितातील सुवर्णपदकाच्या मानकरी, एका नौदल अधिकाऱ्याच्या व पुढे त्याच माणसातून घडलेल्या राजदूताच्या सहधर्मचारिणी, धाकलीच्या एकुलत्या एक ताई, माझ्या दिवंगत पत्नीस,

पाकिटावर सर्व पदव्या लिहिल्याखेरीज मी पत्र बंद करीत नाही, यावर तू नेहमी हसायचीस. आज पाकीट नाही, पत्ता नाही. पदव्या मात्र लिहिल्या. सवय जात नाही.

तुला जाऊन आज एकशे सोळा दिवस झाले. कळविण्यास कारण की, परराष्ट्र मंत्रालयाच्या सागरी विभागाचे पत्र आले आहे. शेजारी देशाशी समुद्रातील सीमेविषयी चाललेली बोलणी चौदा महिन्यांपासून ठप्प आहेत. ती पुन्हा सुरू करणाऱ्या शिष्टमंडळाचे नेतृत्व मी करावे, अशी विनंती आहे. समोरच्या देशातील एका बंदरात दोन वर्षे राहावे लागेल. अठरा वर्षांपूर्वी ती रेषा मीच ठरवून घेतली होती, म्हणून माझी आठवण झाली असावी.

मी नकार कळविणार आहे. खरे कारण कळविता येत नाही, कारण ते फक्त तुला आणि मला ठाऊक आहे.

तू असताना या विषयावर आपण कधी सलग बोललो नाही. आज एकदा सर्व क्रमाने मांडतो. एकतिसाव्या वर्षी तोफांच्या सरावाच्या वेळी मी कानांत बोळे घालण्यास विसरलो. तो नियम मीच नाविकांकडून पाठ करून घेत असे. त्या दिवसापासून डावा कान गेला. मी ते कोणालाही कळविले नाही. वार्षिक तपासणीत डॉक्टर मागे उभे राहून आकडे पुटपुटत, आणि एका कानाची परीक्षा चालू असताना दुसऱ्यावर तळहात घट्ट दाबायचा असे. मी बोटांत फट ठेवीत असे. पुढे तपासणी यंत्रावर होऊ लागली, तेव्हा केवळ छापील प्रतिज्ञापत्रावर भागत असे, अशा पदावर मी पोचलो होतो. 'श्रवणशक्ती : उत्तम.' खाली माझी स्वच्छ, वाचता येणारी सही. आयुष्यभर काटेकोर म्हणून मिरवलेल्या माणसाचे हे एकच खोटे, पण ते मी दरवर्षी नव्याने बोललो.

मग ती धुक्याची सकाळ आली. कोठून तरी दुसऱ्या जहाजाचा भोंगा ऐकू आला. एका कानाने आवाज ऐकू येतो. तो कोणत्या दिशेने आला, हे सांगण्यास दोन कान लागतात. जहाजावर दोनशे बारा माणसे होती. मी जहाज जागच्या जागी थांबविले, अपघात झाला नाही, उलट माझ्या सावधपणाचे कौतुक झाले. त्याच आठवड्यात मी परराष्ट्र सेवेत जाण्यासाठी अर्ज केला. लोक म्हणाले, महत्त्वाकांक्षा. दुसऱ्या दिवसापासून तू रस्त्यावर माझ्या डाव्या बाजूने चालू लागलीस, तिकडचे ऐकण्यासाठी.

मेजवान्यांत नवरा-बायकोला शेजारी बसवीत नाहीत. म्हणून तू यजमानीणबाईंना आधीच फोन करायचीस, "ह्यांची मान डावीकडे वळत नाही हो, जुनं दुखणं आहे. उजवीकडे बोलणारं माणूस द्या, डावीकडे कोणीही चालेल." त्यामुळे अर्ध्या जगाने मला ताठ मानेचा समजले, आणि उरलेल्या अर्ध्याने गर्विष्ठ. तू समोरच्या रांगेत बसून सगळ्यांचे ऐकायचीस आणि परतताना गाडीत मला सांगायचीस. मला जे ऐकू येत नसे ते मी लेखी मागत असे, आणि वृत्तपत्रे त्याला धीरोदात्त मुत्सद्देगिरी म्हणत.

आता गाडीत शेजारी कोणी नाही. जो माणूस अर्धेच ऐकतो, त्याने दोन देशांच्या मध्ये बसू नये.

तुझा

---

२० जानेवारी

प्रति, संचालक, सागरी विभाग

महोदया,

आपले पत्र मिळाले. माझ्यासारख्या निवृत्त माणसावर दाखविलेल्या विश्वासाबद्दल मी ऋणी आहे. तथापि गुडघेदुखी आणि काही घरगुती जबाबदाऱ्या यांमुळे ही कामगिरी स्वीकारणे मला शक्य नाही.

आपण माझ्या जहाजावर नवशिक्या अधिकारी म्हणून आलात, तेव्हा आपल्या बोलण्याच्या वेगामुळे मी आपल्याला 'तारायंत्र' म्हणत असे. माझ्यामागून आपणही नौदलातून परराष्ट्र सेवेत आलात आणि आज या खुर्चीवर आहात, याचा मला मनापासून आनंद आहे. त्या नावाने हाक मारण्याचा अधिकार अर्थातच आता मला नाही.

आपला विश्वासू

---

३१ जानेवारी

आदरणीय सर,

अधिकार आहे. या इमारतीत मला 'मॅडम' म्हणणारे शंभर जण आहेत, 'तारायंत्र' म्हणणारे तुम्ही एकटेच उरला आहात.

तुम्ही नाही म्हणालात याचं वाईट वाटलं, पण आश्चर्य वेगळ्याच गोष्टीचं वाटलं. तुम्ही एकही प्रश्न विचारला नाहीत. समोरून कोण येणार, मसुदा कोणाचा, नकाशा कोणत्या सालचा, काहीच नाही. साधी बोट धक्क्याला लावायची असली तरी सतरा प्रश्न विचारणारा माणूस दोन ओळींत नकार देतो, हे मला पटत नाही.

न विचारताच सांगते. आपले चौतीस मच्छीमार त्यांच्या तुरुंगात आहेत आणि त्यांचे सत्तावीस आपल्याकडे. एकसष्ट माणसं, सगळी एकाच खडकाच्या आसपास पकडलेली. तुमची रेषा तिथे उत्तरेला वळते. का वळते, हे आमच्या फायलीत नाही. त्या खोलीत जे बसले होते, त्यांपैकी आपल्या बाजूचे तुम्हीच काय ते उरला आहात. त्यांचे लोक म्हणतात की वळण नंतर घुसडलं. आम्ही म्हणतो, नाही. याच्यापुढे चौदा महिने गाडी सरकलेली नाही.

तुमचा नकार मी अजून वर पाठवलेला नाही. ३१ मार्चपर्यंत तो माझ्या टेबलाच्या खणात राहील.

तुमची
तारायंत्र

---

९ फेब्रुवारी

भाऊजी,

नमस्कार. मुद्दाम पत्र लिहितेय, कारण फोनवर तुम्ही "बरं" म्हणता आणि ठेवून देता.

तुमची ती तारायंत्र काल माझ्या दवाखान्यात आली होती. म्हणे दाढ दुखते. मी बत्तीसच्या बत्तीस दात ठोकून पाहिले, एकही दुखेना. तोंडात आरसा असतानासुद्धा बाई बोलत होती! मी म्हटलं, "अहो, आधी थुंका, मग विचारा." तर चूळ भरून म्हणाली, "सरांच्या गुडघ्याचं खरं काय आहे?"

कोणता गुडघा, भाऊजी? ताई गेल्यावर मी पंधरा दिवस तुमच्याकडे होते. रोज सकाळी तीन मजले उतरून फिरायला जायचात आणि लिफ्ट असताना जिन्यानं वर यायचात, वर मलाच सांगायचात की पायऱ्या चढाव्यात, प्रकृतीला बरं. तो गुडघा आणि हा गुडघा वेगळा आहे का?

तिला मी काही सांगितलं नाही. पण तुम्हाला सांगते. मला तुमच्या डाव्या कानाचं माहीत आहे. आज नाही, चोवीस वर्षांपासून. तुम्ही सुट्टीवर आला होतात. मी तुमच्या डावीकडे बसून म्हटलं, "भाऊजी, तुम्ही म्हणजे अगदी लाकडाचा ओंडका आहात." तुम्ही मान झुकवून म्हणालात, "आभारी आहे." ताईच्या हातातला चहा सांडला. मग स्वयंपाकघरात नेऊन तिनं माझ्याकडून शपथ घेतली. लोक एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडून देतात. तुमची ती सोयच नाही, त्यामुळे आत गेलेलं सगळं आतच राहतं.

आता जे लिहितेय ते लिहू की नको, याचा आठ दिवस विचार केला. तुमच्या तिसऱ्या नेमणुकीच्या गावी ताईला तिथल्या विद्यापीठानं गणित शिकवायला बोलावलं होतं. वर्ग संध्याकाळचे. आणि संध्याकाळी तुमचे समारंभ. तिनं नाही म्हणून कळवलं. तुम्हाला सांगितलं नाही. तुम्हाला वाटत राहिलं की तिला समारंभ आवडतात, नवी साडी नेसायला मिळते.

ज्या कानासाठी तिनं ते सोडलं, तो कान झाकून आता तुम्ही घरात बसणार, आणि वर न दुखणाऱ्या गुडघ्याचं कारण पुढे करणार. तिला हे चाललं असतं असं वाटत असेल, तर तुमचा उजवाही गेला.

रागवा खुशाल. पण उत्तर द्या.

धाकली

---

१८ मार्च

चि. धाकली हिस अनेक आशीर्वाद.

तुझे ९ फेब्रुवारीचे पत्र वेळेवर पोचले होते. उत्तरास पाच आठवडे लागले. कामाचा व्याप होता असे लिहावयास बसलो होतो. ते कागद फाडले.

प्रथम मला तुझ्यावर राग आला. नंतर मी विद्यापीठाचे ते पत्र शोधण्यासाठी तुझ्या ताईचे कपाट उघडले. तिच्या जाण्यानंतर प्रथमच. ते पत्र सापडले नाही. सापडल्या त्या वह्या. एकूण नऊ. प्रत्येक पानावर एका मेजवानीची आकृती आहे: लांबट टेबल, खुर्च्यांना अक्षरे, माझ्या खुर्चीभोवती वर्तुळ. बाजूला बारीक अक्षरांत टिपणे. 'क्ष मोठ्याने बोलतो, ह्यांच्या डावीकडे चालेल.' 'य कुजबुजते, उजवीकडेच हवी, पण मानाने लहान. यजमानीणबाईंच्या बहिणीला पुढे सरकवल्यास जमेल.' काही ठिकाणी समीकरणासारखी मांडणी आहे आणि पानाच्या तळाशी एक शब्द: 'सुटले.' क्वचित, 'सुटले नाही, गाडीत सगळे सांगावे लागले.'

दोनशेहून अधिक पाने आहेत. मी त्या प्रत्येक टेबलावर बसलो होतो. तुझी ताई एक फोन करते आणि खुर्ची चांगली येते, एवढेच मी समजत होतो.

या वह्या सुवर्णपदक मिळविलेल्या स्त्रीचा खेळ होता की तिची शिक्षा, हे मला त्यांवरून ठरविता येत नाही. तुला ती सर्व सांगत असे. तिला पश्चात्ताप झाला होता का? तुझ्या धंद्यातील निष्ठुरतेने, भूल न देता, उत्तर लिही.

तुझा
भाऊजी

---

२२ मार्च

भाऊजी,

तुम्ही कागद फाडले म्हणजे फारच झालं. मी आयुष्यात तुम्हाला साधी यादी खोडताना पाहिलेलं नाही.

भूल न देता सांगते. पहिली दोन वर्षं शिक्षा होती. विद्यापीठाला नकार कळवला त्या दिवशी तिनं मला सात पानी पत्र लिहिलं, आणि त्यात तुमच्याबद्दल असं काही आहे की ते मी तुम्हाला मेले तरी दाखवणार नाही. 'ओंडका' त्यापुढे लाडाचा शब्द आहे.

नंतर हळूहळू बदललं. एकदा ती म्हणाली, "इतरांचे नवरे घरी येऊन विचारतात, जेवायला काय केलंस. माझा नवरा विचारतो, कोण काय म्हणालं. आणि मी सांगायला लागले की असा ऐकतो, जसा जगात दुसरा आवाजच नाही. वर्गात चाळीस पोरं असती, त्यांतल्या एकानं तरी इतकं ऐकलं असतं का गं?" वह्यांचं म्हणाल, तर मला त्या माहीत आहेत. फोनवर मला कोडी घालायची: "सोळा माणसं, दोन बहिरट, एक दारुडा, दोघांचं आपसांत पटत नाही. बसव." मी बसवायचे आणि ती माझं उत्तर चुकीचं ठरवून खूश व्हायची. तेव्हा खेळ होता, भाऊजी. खोटं कशाला सांगू.

पण एक राग शेवटपर्यंत गेला नाही. खोटं बोललात त्याचा नाही. "तुला हे करायचंय का?" असं तुम्ही तिला एकदाही विचारलं नाहीत, त्याचा. तिनं बहुतेक हो म्हटलं असतं. पण विचारायला हवं होतं.

इस्पितळात शेवटच्या आठवड्यात मी तिच्याजवळ होते. म्हणाली, "माझ्या मागं ह्यांचं टेबल कोण सोडवणार?" मी म्हटलं, "ते सोडवतील की." तर हसली. "त्यांना एकच वाक्य म्हणता आलं पाहिजे, की माफ करा, मला ऐकू आलं नाही. सहा भाषा येतात माणसाला, पण हे वाक्य एकीतही येत नाही."

भूल दिली नाही. आता जरा वेळ काही खाऊ नका, दुखेल.

धाकली

---

२५ मार्च

प्रति, संचालक, सागरी विभाग

महोदया,

माझे २० जानेवारीचे पत्र कृपया रद्द समजावे. त्यातील कारणे खरी नव्हती. माझे गुडघे उत्तम आहेत.

वयाच्या एकतिसाव्या वर्षापासून मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. हे मी नौदलापासून आणि नंतर मंत्रालयापासून लपविले. प्रत्येक वार्षिक प्रतिज्ञापत्रात मी खोटे लिहिले आहे. अठरा वर्षांपूर्वीच्या करारावर याचा परिणाम झालेला नाही, कारण मी प्रत्येक कलम लेखी मागून घेतले होते. परंतु माझे म्हणणे तुम्ही तसेच मान्य करावे असे नाही. सोबत त्या बैठकांची माझी हस्तलिखित टिपणे पाठवीत आहे, ती तपासावीत. रेषा खडकापाशी का वळते, ते चौथ्या दिवसाच्या टिपणात आहे. तेथील उथळ पाण्यात दोन्ही बाजूंच्या लहान होड्या वादळात आसरा घेत. तो आसरा दोघांचाही राहावा, म्हणून वळण दोघांच्या संमतीने घातले. त्यांच्या प्रमुखांची आद्याक्षरे समासात आहेत.

टिपणे हाती आल्यावर तुम्हाला माझी गरज उरणार नाही, हे मी जाणतो. ती तशीही पाठविणे हे माझे कर्तव्य होते, आणि मी जानेवारीतच ते करावयास हवे होते. स्वतःचा कान झाकण्याच्या नादात मी एकसष्ट माणसांना दोन महिने अधिक तुरुंगात ठेवले असण्याचा संभव आहे. याबद्दल जी कारवाई योग्य वाटेल, ती मला मान्य आहे.

तरीही माझा उपयोग होणार असेल, तर यावे अशी माझी इच्छा आहे. हे वाक्य मी नकारापेक्षा अधिक विचार करून लिहिले आहे.

आपला विश्वासू

---

११ एप्रिल

आदरणीय सर,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा दार लावून घेतलं.

दूतावासातला माझा पहिला दिवस तुम्हाला आठवत नसेल. स्वागत समारंभ होता. मी दिवसभर खपून बंदराविषयी माहिती काढली होती, ती तुमच्याजवळ उभं राहून तीन मिनिटं सांगितली. तुम्ही समोर पाहत होतात. माझं संपलं आणि तुम्ही एक शब्द न बोलता पुढे निघून गेलात. त्या दिवशी मी ठरवलं की या माणसाच्या लेखी मी शून्य आहे. त्यानंतर मी तुमच्याशी कधीही तोंडी बोलले नाही; सगळं अर्ध्या पानात लिहून द्यायला लागले. आज मंत्रालयात माझं नाव आहे ते त्या अर्ध्या पानामुळे. पण एकवीस वर्षं मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडतेय, सर.

परवा मी खोलीत उभी राहून आठवून पाहिलं. खिडकी कुठे होती, तुम्ही कुठे होतात. मी तुमच्या डावीकडे उभी होते.

आता कामाचं. मी सगळं वर सांगितलं, काही झाकलं नाही. सचिव रागावले. प्रमुखपद तुम्हाला देता येणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं, आणि मला त्यांचं म्हणणं चूक वाटत नाही. तुमच्या सेवापुस्तकात नोंद होईल. कारवाई तेवढ्यावरच थांबेल.

शिष्टमंडळाची प्रमुख मी आहे. क्रमांक दोनची जागा रिकामी आहे. टिपणं माझ्याकडे आहेत, पण टिपणांना प्रश्न विचारता येत नाही. कानाच्या डॉक्टरांकडे जावं लागेल आणि ते जे यंत्र देतील ते लावावं लागेल, सगळ्यांना दिसेल असं.

राजशिष्टाचाराप्रमाणे क्रमांक दोनचा माणूस प्रमुखाच्या उजवीकडे बसतो. मी तुम्हाला डावीकडे बसवणार आहे, म्हणजे तुमचा उजवा कान माझ्याकडे राहील. कोणी विचारलं तर खरं कारण सांगेन. माझ्या हाताखाली काम करायला तुम्हाला चालेल का? जहाजावर तुम्ही मला हे विचारलं नव्हतं, पण मी विचारतेय.

तारायंत्र

---

१४ एप्रिल

तारायंत्र,

चालेल.

हाताखालचा

---

२० एप्रिल

भाऊजी,

तुमची बातमी मिळाली. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ती हीच का? म्हणजे डाव्या कानामागून!

यंत्र घेताना लाजून लहानसं, कातडीच्या रंगाचं घेऊ नका. डॉक्टर म्हणून सांगते, लपवायच्या गोष्टीच आधी दिसतात. आणि पहिल्यांदा लावाल तेव्हा मला फोन करा. डावीकडून बोलायचं चोवीस वर्षांचं साठलंय.

धाकली

---

३ जून

प्रिय,

या वेळी पदव्या लिहिल्या नाहीत. तुला चालेल ना?

यंत्र बसविले. डावा कान त्याने उघडत नाही, तो कायमचाच गेला आहे. त्यामागे बसवलेला तुकडा तिकडचा आवाज उचलून उजव्या कानात पोचवितो. राखाडी आहे, चांगला अंगठ्याएवढा दिसतो. धाकलीने पहिल्या दिवशी फोनवर अर्धा तास मला नावे ठेवली. फोन मी उजव्या कानाला धरला होता, हे तिच्या लक्षात आले नाही. मीही सांगितले नाही. एवढे एक नवे खोटे मला माफ असावे.

मागील आठवड्यात प्राथमिक बैठक आपल्याकडेच झाली. तिच्याविषयी तुला सविस्तर सांगावयाचे आहे.

लांब टेबल, दोन्ही बाजूंना सात-सात माणसे, मध्ये दुभाषे. वातानुकूलन यंत्राची घरघर. तारायंत्र मध्यभागी, मी तिच्या डावीकडे. त्यांच्या एका तरुण अधिकाऱ्याने जागांकडे पाहून भुवया उंचावल्या, तेव्हा ती सरळ म्हणाली, "आमच्या सहकाऱ्यांना या बाजूने ऐकू येतं." तो ओशाळला, मी नाही. मला वाटले होते, मी ओशाळेन.

पहिल्याच तासात खडकाचा विषय निघाला आणि दोन्हीकडची चार-पाच माणसे एकदम बोलू लागली. कानातल्या यंत्राने सर्वांचे आवाज एकत्र करून माझ्या डोक्यात ओतले. एक शब्द लागेना. पूर्वी अशा वेळी मी हात जोडून छताकडे पाहत असे, आणि लोक समजत की मी विचार करीत आहे. हात जोडले गेलेसुद्धा. मग मी ते टेबलावर ठेवले आणि म्हणालो, "माफ करा, मला ऐकू आले नाही."

काही कोसळले नाही. त्यांच्या बाजूला कोपऱ्यात एक वृद्ध कप्तान सल्लागार म्हणून बसले होते. ते म्हणाले, "खरं सांगायचं तर मलाही नाही. तोफखान्यात होतो." आणि पुढे वाकून मला विचारले, "तुम्ही?" मी म्हणालो, "तोफांचा सराव. बोळे विसरलो." ते म्हणाले, "मी विसरलो नव्हतो. मला ते बायकी वाटायचे." तारायंत्र इतकी हसली की तिला पाणी द्यावे लागले.

त्यानंतर वातानुकूलन बंद करण्यात आले आणि एक नियम ठरला: एका वेळी एकानेच बोलावे, आणि पुढच्याने आधी समोरच्याचे म्हणणे स्वतःच्या शब्दांत सांगून मगच उत्तर द्यावे. अठरा महिन्यांनंतर दोन देशांचे एकमत झालेले हे पहिले कलम. त्याने वेळ फार जातो, पण भांडण मध्येच विरते. कारण समोरच्याचे म्हणणे तोंडाने बोलून दाखवताना माणूस आपला आवाज चढवीत नाही. दुपारी चौथ्या दिवसाची टिपणे समोर ठेवली. त्यांनी समासातील आद्याक्षरे ओळखली. वळणाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. परंतु दोन्ही बाजूंनी मच्छीमारांच्या याद्यांची देवाणघेवाण केली, आणि आजारी व वयस्क असे अकरा जण या महिन्यातच सुटतील. पन्नास उरतात. त्यांच्यासाठी दोन वर्षे लागू नयेत, असा आमचा प्रयत्न राहील.

तुझ्या वह्यांपैकी एक तारायंत्राला वाचावयास दिली. तिने त्यातील एक 'सुटले नाही' लिहिलेले टेबल निवडले आणि जेवणाच्या सुट्टीत सोडवू लागली. तिला जमले नाही. मलाही नाही. उरलेल्या आठ वह्या धाकलीकडे पाठविल्या. त्या विद्यापीठाला मी पत्र लिहून विचारले आहे की गणिताच्या वर्गात त्या कोणाला उपयोगी पडतील का. पत्र पाठविण्यापूर्वी धाकलीला विचारले. तुला विचारता येत नाही, म्हणून तिला विचारले. ती म्हणाली, "भाऊजी, तुम्ही विचारायला लागलात? बसा जरा, तब्येत बरी आहे ना?"

तुला मी विचारले नाही. पस्तीस वर्षांत एकदाही नाही. तू काय उत्तर दिले असतेस, हे धाकलीने लिहिले आहे, आणि तिचा अंदाज बहुधा बरोबर आहे. परंतु ते उत्तर तुझ्याकडून ऐकण्याचा हक्क मी स्वतःच घालविला. याची भरपाई होत नाही. मी तसा प्रयत्नही करणार नाही. फक्त पुढील माणसांना विचारीन.

त्या बंदरात मला दोन खोल्या मिळाल्या आहेत. खिडकी धक्क्यावर उघडते, सकाळी होड्या मोजता येतात, असे तारायंत्र लिहिते. मी सामान थोडकेच घेतले: कपडे, नकाशे, तुझे छायाचित्र आणि तो तडा गेलेला चहाचा कप, जो फेकण्यापूर्वी तू मला विचारले होतेस आणि मी नको म्हणालो म्हणून ठेवला होतास. बाकी सर्व धाकलीच्या माणसांनी काल नेले. रिकाम्या खोलीत माझ्या पावलांचा आवाज दोन्हीकडून आल्यासारखा वाटला. यंत्रामुळे असेल.

आज सकाळी गॅस बंद केला, खिडक्यांच्या कड्या तपासल्या, विजेचे मुख्य बटण खाली केले. साडेनऊ वाजता दाराला कुलूप लावले. पुढच्या दाराच्या दोन आणि गच्चीची एक, अशा तीन किल्ल्या तळमजल्यावर घरमालकांच्या हाती परत दिल्या.